ईयूत जाताना पोलंडने आपल्या छोट्या धंदेवाल्यांची तयारी कशी करून घेतली? (आणि बाकीच्यांनी?)

व्रोत्सवाफचा_विन्या

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसताच वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. मी पोलंडमध्ये व्रोत्सवाफला असतो, आयटीत. आमच्या टीममध्ये दोन पोलिश आहेत आणि जेवणाच्या टेबलावर त्यांची सारखी एकाच विषयावर जुंपते. एक म्हणतो २००४ ला आम्ही ईयूत (युरोपियन युनियनमध्ये) गेलो आणि माझ्या मामाचा छोटा कत्तलखाना बंद पडला, चांगला चालता धंदा होता, गावातली लग्नं-बारशी त्याच्याकडच्या सॉसेजवर व्हायची, पण ब्रसेल्सने, म्हणजे ईयूच्या मुख्यालयाने, टाइल्स लाव, दरवाजे वेगळे कर असं करून करून संपवला. दुसरा पूर्वेकडचा, पोडलासी भागातला, त्याचं अगदी उलट, की ईयू नसती तर आमच्याकडची पोरं आजही दुधाचे कॅन उचलत बसली असती, आज आमच्या डेअऱ्यांचा माल जगभर जातो.

दोघंही खोटं बोलत नसणार. मला एवढंच समजून घ्यायचंय की सरकारने तयारी म्हणून प्रत्यक्षात काय केलं होतं? नुसती पत्रकं आणि टीव्हीवर जाहिराती, का पैसेही दिले, मुदतही दिली? आणि मुख्य म्हणजे ज्याला आयुष्यात कधी जर्मनीला माल पाठवायचाच नव्हता अशा माणसाला सगळ्या युरोपचे नियम का लागू झाले, हे मला खरंच कळत नाही. नेटवर वाचलं तर सगळं अधिकाऱ्यांच्या भाषेत आहे, वाचताना डोळे मिटतात. इथे युरोपात बरीच मंडळी आहेत, कोणी जवळून बघितलंय का?

(तिकडे सांगलीला आमच्या घरी पण युरोपशी व्यापार म्हटलं की दोन तट पडतात, म्हणून पण विचारतोय.)

---

पोडलासीचे_जावई

विन्या, तुमच्या त्या दुसऱ्या मित्राच्या भागातलाच मी जावई, त्यामुळे सासुरवाडीची बाजू घेतोय असं वाटलं तर वाटू दे.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो कारण सगळी मेख तिथेच आहे. लोकांना वाटतं ईयूत जाण्याची तयारी म्हणजे बाहेर माल विकायची तयारी. तसं नाहीये. एकदा बाजार एक झाला की मधल्या सीमेवर कोणी तपासणी करत नाही, म्हणजे पोलंडातल्या खेड्यात तयार झालेलं चीज दुसऱ्या दिवशी जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या दुकानात असू शकतं आणि वाटेत कोणी डबा उघडून बघणार नाही. मग तपासायचं कुठे? तर जिथे बनतं तिथेच. म्हणून जो एक्स्पोर्ट करत नाही त्यालाही तेच नियम, कारण त्याचा माल बाहेर जाणार नाही याची खात्री कोण देणार. आणि उलट बाजूने डॅनिश, जर्मन माल तुमच्या गावच्या दुकानात येणारच असतो, तेव्हा तुमची स्पर्धा घरबसल्या सुरू झालेली असते.

आता माझ्या सासऱ्यांचं सांगतो. डझनभर गायी. पूर्वीची पद्धत म्हणजे धार काढली, कॅनमध्ये भरलं, कॅन थंड पाण्याच्या हौदात ठेवले, सकाळी रस्त्याच्या कडेला लाकडी फळीवर ठेवून दिले की संकलनाची गाडी उचलून न्यायची. उन्हाळ्यात कधी आंबायचं, कधी चालून जायचं. ईयूचा नियम काय, तर कच्च्या दुधात दर मिलीलीटरला जिवाणू १ लाखाच्या आत आणि सोमॅटिक पेशी (गाईच्या सडाला सूज असली की वाढतात त्या) ४ लाखांच्या आत. धार काढल्यावर दूध लगेच थंड करायचं, रोज उचलत असाल तर ८ अंशांपर्यंत, रोज उचलत नसाल तर ६. हौदातल्या पाण्याने हे होत नाही हे सांगायला नको. म्हणजे कूलिंग टँक आला, टँक ठेवायला वेगळी खोली आली, तिच्या भिंती धुता येतील अशा पाहिजेत, तिचं दार सरळ गोठ्यात उघडता कामा नये, विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट पाहिजे. सासरे सांगतात की सल्लागार आला तेव्हा त्याने गोठ्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही, आधी ते दार बघितलं आणि म्हणाला हे बुजवा, पलीकडून काढा. आज ते दार बुजवलेली जागा भिंतीवर दिसते, प्लास्टरचा रंग वेगळा आहे.

पैसे कुठून आले? तर सापार्ड नावाची योजना होती, मध्य आणि पूर्व युरोपातल्या दहा इच्छुक देशांसाठी, २००० पासून, ईयूचाच पैसा, खास शेती आणि अन्नप्रक्रियेसाठी. पोलंडमध्ये प्रत्यक्ष अर्ज सुरू व्हायला २००२ उजाडलं. आणि गंमत अशी की पैसा आधी मिळत नाही! आधी स्वतः खर्च करा, बिलं जोडा, माणूस येऊन बघून जाईल, मग साधारण अर्धे परत. म्हणजे ज्याच्याकडे आधी घालायला पैसे किंवा बँकेत पत आहे त्यालाच उपयोग. सासऱ्यांना सहकारी बँकेने कर्ज दिलं आणि टँक डेअरीनेच हप्त्यावर दिला, हप्ता दुधाच्या बिलातून कापायचे. आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीत दूध संघ जसे सभासदाला धरून असतात ना, अगदी तसंच. पोडलासीतल्या ज्या डेअऱ्या आज मोठ्या आहेत, म्लेकोविता, म्लेकपोल, प्यांतनित्सा, त्या सगळ्या सहकारीच. मला विचाराल तर सरकारच्या पत्रकांपेक्षा हे जास्त कामाला आलं, कारण संघाला स्वतःलाच चांगलं दूध हवं होतं. दुधाला प्रत लावून दर ठरवायला सुरुवात केली, वरच्या प्रतीला जास्त पैसे, मग सासऱ्यांना कोणी ईयूचं महत्त्व समजावून सांगायची गरज पडली नाही.

मुदतीचं म्हणाल तर ती मिळाली होती. जे मांस आणि दूध प्रक्रियेचे कारखाने १ मे २००४ पर्यंत तयार होऊ शकत नव्हते त्यांच्यातले शेकडो यादीत घालून त्यांना जादा वेळ दिला, दुधाच्या कारखान्यांना २००६ अखेर, मांसाच्या कारखान्यांना २००७ अखेरपर्यंत. अट एकच, माल फक्त पोलंडातच विकायचा, आणि ईयूच्या नियमात बसल्याचा तो अंडाकृती शिक्का लावायचा नाही, त्याला वेगळा शिक्का. तुमच्या मित्राचा मामा त्या यादीत होता का नव्हता हे विचारून बघा, माझा अंदाज आहे नसावा.

---

स्पष्टवक्ता_४२

जावईबापू, तुमच्या सासऱ्यांचं चांगलं झालं, आनंद आहे. पण तुम्हीच लिहिलंय की ज्याच्याकडे आधी घालायला पैसे आहेत त्यालाच उपयोग. मग राहिलं काय? ज्याच्या दोन-तीन गायी होत्या त्याने टँक कुठून आणायचा? पोलंडमध्ये दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांची संख्या नंतर केवढी घसरली ते बघा. मुदत दिली म्हणजे मरायला वेळ दिला, बाकी काही नाही. "तयारी करून घेणे" हा सगळा मोठ्यांना अजून मोठं करायचा सभ्य मार्ग आहे असं माझं स्पष्ट मत.

---

लेस्टरची_आजी

पोरांनो तुम्ही २००४ चं बोलताय, मी तुम्हाला त्याच्या आधीचं सांगते. आम्ही इथे इंग्लंडात लेस्टरला, मी एका छोट्या निटवेअरच्या कारखान्यात ऑफिस सांभाळायचे, स्वेटर जर्मनी आणि हॉलंडला जायचे.

१९८५ साली लॉर्ड कॉकफील्ड म्हणून ब्रिटनचेच कमिशनर होते ब्रसेल्सला, त्यांनी जवळजवळ ३०० कायद्यांची यादीच काढली की एवढे केले की बाजार एक होईल, आणि तारीख लावली १९९२ ची अखेर. तारीख लावली हे फार मोठं काम झालं असं मला आजही वाटतं, त्याच्या आधी तीस वर्षं नुसतं बोलणंच चालू होतं. मग १९८८ ला इथल्या व्यापार खात्याने मोठी मोहीम काढली, युरोप धंद्याला खुला आहे अशा अर्थाची, टीव्हीवर जाहिराती, फोन लाइन, पुस्तिका. पंतप्रधान थॅचरबाईंनी स्वतः एप्रिलमध्ये लँकेस्टर हाउसला भाषण करून व्यापाऱ्यांना सांगितलं की ३० कोटींच्या वर गिऱ्हाईक तुमच्या दारात आहे, उठा. आणि त्याच बाईंनी पाच महिन्यांत बेल्जियममधल्या ब्रुजला जाऊन युरोपवाल्यांची जी हजेरी घेतली ती वेगळीच. आमच्या साहेबांना कळेना की नक्की तयारी करायची का नाही :)

पुस्तिका आमच्याकडे पण आल्या होत्या. गुळगुळीत कागद, छान चित्रं. कोणी वाचल्या नाहीत. त्यात असायचं "तुमच्या व्यवसायाचा नव्याने विचार करा, संधी ओळखा" वगैरे. अहो आम्हाला संधी माहीत होती, आम्ही आधीपासूनच माल पाठवत होतो, आम्हाला पाहिजे होतं की सोमवारी सकाळी कुठला फॉर्म भरायचा.

त्या फॉर्मचं सांगते. १९८८ पासून पूर्ण युरोपात एकच कस्टमचा फॉर्म आला, त्याच्या आधी प्रत्येक देशाचे वेगळे. एकच म्हणजे किती सोपं, तर आठ प्रतींचा संच आणि त्यात ५४ चौकोन! खालच्या प्रतीपर्यंत उमटायला पाहिजे म्हणून टाइपरायटरची बटणं अक्षरशः ठोकायला लागायची, एका चौकोनात वजन चुकलं की पूर्ण संच फेकायचा. ड्रायव्हर बिचारा डोव्हर बंदरावर थांबलेला आणि आम्ही इकडे परत टाइप करतोय. १ जानेवारी १९९३ ला युरोपात जाणाऱ्या मालासाठी हा फॉर्म गेला. खरंच गेला. गाडी सरळ निघून जायची, मला पहिले काही दिवस काहीतरी विसरल्यासारखं वाटायचं.

पण फॉर्मच्या जागी काय आलं हे त्या पुस्तिकांनी नीट सांगितलंच नव्हतं. सीमेवर व्हॅट भरणं बंद झालं तर तो कुठेतरी धरायला नको का? मग गिऱ्हाइकाचा व्हॅट नंबर बिलावर पाहिजे, तो खरा आहे का ते तपासून घ्यायचं, नसेल तर आपल्याला आपल्याच दराने व्हॅट लावावा लागतो, आणि जास्त उलाढाल असेल तर दर महिन्याला इंट्रास्टॅट म्हणून आकडेवारी द्यायची की काय गेलं आणि कुठे गेलं. आम्हाला हे शिकवलं आमच्या अकाउंटंटने आणि हॉलंडच्या गिऱ्हाइकाने, ते लोक आपला नंबर आधीच टाइप करून पाठवायचे.

त्या पोलंडच्या मामासाठी एक गोष्ट सांगते ती सगळ्यांना माहीत नसते. नियम सगळीकडे सारखे करणं हा एकच रस्ता नव्हता. १९७९ चा युरोपियन कोर्टाचा निकाल आहे, कासिस द दिजोंचा. फ्रान्सची काळ्या मनुकांसारख्या फळाची दारू, अल्कोहोल १५ ते २० टक्के, जर्मनीचा कायदा म्हणे असल्या दारूत निदान २५ टक्के पाहिजे, कमी असेल तर विकायची नाही. म्हणजे पुरेशी चढत नाही म्हणून बंदी! कोर्ट म्हणालं की एका देशात कायदेशीर बनवून विकतात तर दुसऱ्या देशाला सबळ कारण असल्याशिवाय अडवता येणार नाही. पुढे १९८७ ला जर्मनांच्या बिअर-शुद्धतेच्या कायद्यालाही हाच दणका बसला, जर्मन लोक आपली बिअर जुन्या पद्धतीने करू शकतात पण दुसऱ्यांची अडवू शकत नाहीत. आमच्यासारख्या लहान कारखान्यांना त्या सगळ्या पुस्तिकांपेक्षा या एका निकालाने जास्त दिलं असं माझे साहेब म्हणायचे, कारण बारा देशांसाठी बारा प्रकारचा माल काढायची लहान माणसाची ऐपतच नसते.

आणि आता ब्रिटन ईयूतून बाहेर पडल्यामुळे २०२१ पासून इथे परत सगळी डिक्लेरेशनं सुरू. टाइपरायटर नाही एवढंच. मी रिटायर झाले, सुटले.

---

निफाडचा_द्राक्षवाला

आजी एक नंबर! पुढचं पण लिहा.

माझा संबंध बाहेरून. आम्ही द्राक्षं पाठवतो. मला वाटतं बाहेरच्याला पण हा एक बाजार फायद्याचा आहे, पूर्वी औषधांच्या अंशाची मर्यादा प्रत्येक देशाची वेगळी असायची, हॉलंडला चाललं ते जर्मनीला चालेल याचा भरवसा नाही. १ सप्टेंबर २००८ पासून युरोपभर एकच यादी झाली. पण एकच यादी म्हणजे चुकलं तर सगळीकडेच चुकलं. २०१० ला क्लोरमेक्वाटचं (वेलीची वाढ आवरायच्या औषधाचं) झालं ते आठवत असेल नाशिककडच्या लोकांना, कंटेनर अडकले, अख्खा सीझन गेला कित्येकांचा. त्यानंतर ग्रेपनेटमध्ये (निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी नोंदणीत) प्लॉटची नोंद, लॅबचा रिपोर्ट हे सगळं जास्त कडक झालं आणि खरं सांगायचं तर बरंच झालं.

अजून एक, सरकारी मर्यादा पाळली म्हणजे झालं असं नाही. तिकडचे काही सुपरमार्केटवाले म्हणतात कायद्याच्या मर्यादेच्या एक तृतीयांशच पाहिजे. हे कुठल्या कायद्यात नाही, पण माल त्यांना द्यायचा असेल तर करायचं. त्यामुळे जावईबापू म्हणतात ते पटतं, खरेदीदारच शिकवतो.

---

झाग्रेब_रिटर्न

मी क्रोएशियाचं लिहितो, तिथे काही वर्षं हॉटेलच्या किचनला होतो, आता पुण्यात.

क्रोएशिया १ जुलै २०१३ ला गेला. तिथली अडचण वेगळीच होती. त्यांचे कारखाने बरेचसे तयार होते, पण त्यांची जुनी गिऱ्हाइकं होती बॉस्निया-सर्बियात, सगळे पूर्वी एकाच युगोस्लाव्हियातले, बिस्किटं, सिगारेट, दूध सगळं तिकडे खपायचं, आणि या देशांचा आपसात एक करमुक्त करार होता, सेफ्टा. ईयूत शिरलं की तो सोडावा लागतो. म्हणजे समोरचा मोठा बाजार उघडला पण पाठीमागच्या घरातल्या बाजारात काही मालाला जकात बसली. काही कंपन्यांनी आधीच ओळखून थोडं उत्पादन बॉस्नियात हलवलं. ही तयारी कुठल्या सरकारी पुस्तिकेत नव्हती, पण माझ्या मते तीच खरी तयारी.

आणि बॉस्नियावाल्यांचं तर विचारूच नका. ते ईयूत नाहीत, त्यांचा काही संबंध नाही, पण शेजारी गेला आणि १ जुलैपासून यांचं दूध क्रोएशियात जाणं बंद, कारण त्यांची तपासणीची व्यवस्था ईयूने मान्य केलेली नव्हती. त्यांच्याकडे राज्य, प्रांत, कँटन, सगळ्यांचे पशुवैद्यकीय विभाग वेगवेगळे, कोणी कोणाचं ऐकेना. डेअऱ्या चांगल्या होत्या हो, सरकार तयार नव्हतं. स्पष्टवक्ता साहेब, याचा पण विचार करा, तयारी न करून वाचता येतं असं नाही.

दुसरी तयारी मी डोळ्यांनी बघितली ती युरोची. १ जानेवारी २०२३. त्याच्या आधी ५ सप्टेंबर २०२२ पासून सगळ्यांनी दोन्ही किमती लिहायच्या, कुना (तिथलं जुनं चलन) आणि युरो, दर ७.५३४५० असा पूर्ण पाच दशांशापर्यंत धरायचा, मनाने गोल करायचा नाही. आमच्या मालकाने पूर्ण मेन्यू कार्ड परत छापलं आणि एवढ्या बारीक अक्षरात दोन-दोन किमती आल्या की म्हातारी गिऱ्हाइकं आम्हालाच वाचायला सांगायची. जानेवारीचे पहिले १४ दिवस दोन्ही नोटा घ्यायच्या पण सुट्टे मात्र युरोतच द्यायचे. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या बाईंनी गल्ल्याशेजारी चपलांचं रिकामं खोकं ठेवलं होतं, कुना आले की त्यात, परत बाहेर काढायचे नाहीत. बँकेने डिसेंबरातच नाण्यांची पाकिटं विकली होती दुकानदारांना, पण पहिल्या तारखेला सकाळी जो तो मोठी कुनाची नोट घेऊन पाव घ्यायला, म्हणजे घरातल्या कुना खपवायला! त्या बाईंचे युरोचे सुट्टे दुपारच्या आत संपले. एवढी मोहीम, एवढे नियम, आणि हे कोणाच्या डोक्यात आलं नाही की लोक बँकेत जायच्या ऐवजी बेकरीला बँक करतील.

---

व्रोत्सवाफचा_विन्या

बाप रे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. आजी, तुमचा तो आठ प्रतींचा संच मी आज टीममध्ये सांगितला, कोणाचा विश्वास बसेना.

जावईबापू, मित्राला विचारलं. मामा त्या मुदतीच्या यादीत नव्हता, तुमचा अंदाज बरोबर. त्याने अर्जच केला नव्हता, का तर त्याला कोणीतरी सांगितलं होतं की अर्ज केला की लगेच तपासणीला येतात आणि आहे ते पण बंद करतात. पण मित्राचा नवीन मुद्दा असा की इतक्या छोट्या माणसाला तेच नियम लावायची गरजच काय होती, आठवड्याला दोन डुकरं कापणारा माणूस आणि रोज हजारो कापणारा कारखाना एकाच मापाने? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

---

पोडलासीचे_जावई

मित्राला म्हणावं मुद्दा बरोबर आहे, पण पत्ता चुकला. हे ब्रसेल्सचं नाही, निदान सगळं नाही.

२००६ पासून जे स्वच्छतेचे नवे नियम लागू झाले त्यात स्पष्ट सवलत आहे की शेतकऱ्याने किंवा छोट्या उत्पादकाने थोडा माल सरळ गिऱ्हाइकाला किंवा जवळच्या दुकानाला दिला तर त्याचे नियम प्रत्येक देशाने आपापले ठरवावेत. पारंपरिक पद्धतीच्या मालालाही सूट देता येते, लाकडी फळ्यांवर चीज मुरवणं वगैरे. फ्रान्स, ऑस्ट्रिया, इटलीने हे सुरुवातीपासून पुरेपूर वापरलं. आमच्या पोलिश साहेबांनी काय केलं, तर परीक्षेला बसलेल्या पोरासारखं सगळं काटेकोर, उलट दोन नियम वरून स्वतःचे, कारण ईयूचा निरीक्षक आला तर नाव जाऊ नये. आणि शेतकऱ्याने तक्रार केली की बोट ब्रसेल्सकडे. शेतकऱ्याला घरचा प्रक्रिया केलेला माल, म्हणजे लोणची, चीज, सॉसेज, साध्या नोंदणीवर विकता यावा असा नीट कायदा इथे लागू झाला तो थेट १ जानेवारी २०१७ ला. २००४ पासून जवळजवळ तेरा वर्षं! तुमच्या मित्राचा मामा या तेरा वर्षांत गेला असं म्हणा हवं तर. स्पष्टवक्ता साहेबांशी मी इतपत सहमत आहे. सासऱ्यांच्या शेजारच्या दोन-तीन गायीवाल्यांनी गायी विकल्या, कोणी जमीन खंडाने दिली, पोरं आयर्लंडला गेली. त्यांचं भलं झालं असं मी म्हणत नाही.

पण उलट उदाहरण पण आहे, दक्षिणेला डोंगरात पोधाले भागात. ओस्तसिपेक नावाचं चीज, मेंढीच्या न तापवलेल्या दुधाचं, लाकडी साच्यात दाबून नक्षी उमटवतात आणि झोपडीतच धुरावर ठेवतात. आता मला सांगा, धुराने काळी झालेली लाकडी झोपडी कुठल्या टाइल्सच्या नियमात बसते? पण धनगर लोक आणि त्यांच्या संघटना मागे लागल्या, स्लोव्हाकियाशी भांडण झालं कारण त्यांचं पण तसंच चीज आहे, आणि २००८ ला त्याला ईयूचं संरक्षित नाव मिळालं. आता नियम काय तर मेंढीचं दूध निदान ६० टक्के, लांबी १७ ते २३ सेंटीमीटर, वजन ६०० ते ८०० ग्रॅम, आणि फक्त मे ते सप्टेंबर. त्यामुळे जानेवारीत झाकोपानेला (तिथल्या पर्यटनाच्या गावी) कोणी ताजं ओस्तसिपेक म्हणून हातात दिलं तर घेऊ नका, गाईच्या दुधाचं असतं.

म्हणजे तोच कायदा, एका कोपऱ्यात माणूस गेला आणि दुसऱ्या कोपऱ्यात टिकला. फरक मला एवढाच दिसतो की डोंगरातले लोक गटाने गेले आणि त्यांच्या बाजूने कागद लिहिणारं कोणीतरी होतं.

---

स्पष्टवक्ता_४२

ठीक आहे, तेरा वर्षांचं मान्य करताय हे खूप झालं. माझं म्हणणं तेवढंच होतं की मोठ्यांची तयारी आधी होते आणि छोट्यांची आठवण नंतर.

ओस्तसिपेक खाल्लंय मी, क्रॅनबेरीचा जॅम लावून भाजून देतात. चीक खाल्ल्यासारखं करकरतं दाताखाली. (मे ते सप्टेंबर हे माहीत नव्हतं, मी डिसेंबरात खाल्लं होतं, घ्या!)

---

इचलकरंजी_लूम

धाग्याशी अर्धवट संबंध आहे म्हणून इथेच विचारतो. आमच्याकडे कापड गुंडाळायचं छोटं मशीन बनवतात, पोर्तुगालहून चौकशी आली आहे. एजंट म्हणतो सीईचं (मशीन युरोपच्या नियमात बसतं या खुणेचं) सर्टिफिकेट युरोपातल्या लॅबमधून घ्यावं लागेल, भरपूर पैसे सांगतोय. खरंय का?

---

झाग्रेब_रिटर्न

माझा विषय नाही, किचनवाला माणूस मी. आजी किंवा जावईबापू?

---

पोडलासीचे_जावई

आमच्या कूलिंगच्या मशीनना हेच लागतं म्हणून सांगतो. घाईने पैसे देऊ नका. बहुतेक साध्या मशीनना बाहेरच्या लॅबचं सर्टिफिकेट कायद्याने लागतच नाही, बनवणाऱ्याने स्वतः जबाबदारी घेऊन जाहीर करायचं असतं की मशीन नियमात बसतं. बाहेरची संस्था लागते ती धोकादायक मशीनची एक ठरावीक यादी आहे त्यांना, काही प्रकारच्या करवती, प्रेस वगैरे. तुमचं त्यात येतं का ते यादीत बघा, गुंडाळायचं मशीन मला तरी त्यात वाटत नाही.

पण स्वतः जाहीर करायचं म्हणजे नुसता सीईचा स्टिकर लावायचा नाही. धोक्यांचा विचार करून लिहून ठेवायचा, हात कुठे अडकू शकतो, तिथे गार्ड आहे का, गार्ड उघडला तर मोटर थांबते का, इमर्जन्सी स्टॉप कुठे आहे. ड्रॉइंग, इलेक्ट्रिकलचं सर्किट, टेस्टचे कागद असं सगळं मिळून एक फाइल, ती मागितली तर देता आली पाहिजे, आणि ती फाइल तयार करून देऊ शकेल असा ईयूतला एक माणूस किंवा फर्म, नाव-पत्त्यासह, जाहीरनाम्यात लिहावी लागते. तुमचा खरेदीदारच तयार होतो का विचारा. मॅन्युअल पोर्तुगीजमध्ये पाहिजे, हे लोक विसरतात आणि मशीन बंदरावर पडून राहतं. मशीनसोबत मोटरचे, विजेचे बाकीचे नियम असतात ते पण त्याच जाहीरनाम्यात येतात.

तारखेकडे लक्ष ठेवा, सध्याचा मशिनरी डायरेक्टिव्ह २००६ चा आहे, त्याच्या जागी २०२३ चं नवीन रेग्युलेशन २० जानेवारी २०२७ पासून लागू होतंय. त्यानंतर माल जाणार असेल तर कागद नव्यानुसारच करा, नाहीतर दोनदा काम.

आणि प्लगचं विचारून घ्या. एवढे ३०० कायदे केले पण युरोपात भिंतीतलं सॉकेट आजही एक झालेलं नाही, पोलंडात मध्ये पिन बाहेर आलेली असते, इटलीत तीन भोकं एका ओळीत. खरेदीदाराकडून सॉकेटचा फोटो मागवा सरळ.

---

इचलकरंजी_लूम

लाख रुपयांची गोष्ट सांगितलीत. यादी बघितली, आमचं मशीन त्यात नाही. एजंटला फोन लावतोय आता. खरेदीदाराला फाइलसाठी आणि सॉकेटच्या फोटोसाठी मेल टाकला आहे.